पाणी प्याल्याने त्वचा सुधारते काय?

मुलाच्या गालावर पांढुरके चट्टे उमटले, मुलीच्या कपाळावर पुटकुळ्या आल्या, किंवा हिवाळ्यात पोटऱ्यांवरची कातडी खरखरीत झाली, की पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पाणी कमी पितो, म्हणून असे होते.’ सल्ला फुकटचा आहे आणि वरवर पाहता निरुपद्रवी आहे. त्यामुळे तो कोणी तपासून पाहत नाही. प्रस्तुत लेखात तो तपासून पाहण्याचा प्रयत्न आम्ही करीत आहोत. आम्ही वैद्य नव्हे, इतिहासाचे शिक्षक आहोत. परंतु पाणी आणि त्वचा यांचे नाते जितके वैद्यकाचे आहे तितकेच इतिहासाचेही आहे, आणि ज्या समाजाला पाणवठ्यापासून दूर ठेवण्यात आले त्याच्या बाबतीत तर ते अधिकच आहे.

प्रथम शरीरशास्त्र पाहू. त्वचेचे दोन मुख्य थर असतात. आतल्या थरात रक्तवाहिन्या, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे असतात. पाणी प्याल्यावर ते रक्तामार्फत येथपर्यंत पोहोचते. त्यावरच्या बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्या अगदी वरचा, आपण ज्याला हात लावतो तो पापुद्रा मृत पेशींचा असतो. या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या सांध्यांत गिलाव्यासारखा स्निग्ध पदार्थ भरलेला असतो. त्वचा मऊ वाटते की कोरडी, हे मुख्यतः या गिलाव्यावर ठरते. गिलावा शाबूत असेल तर आतली ओल टिकते. साबणाने, थंड कोरड्या वाऱ्याने किंवा फार गरम पाण्याने तो धुऊन निघाला तर ओल उडून जाते आणि कातडी तडकते. अशा वेळी चार तांबे पाणी अधिक प्याल्याने गिलावा भरून येत नाही. जास्तीचे पाणी मूत्रपिंडे तासा-दोन तासांत बाहेर टाकतात.

म्हणजे पाणी पिण्याचा त्वचेशी काहीच संबंध नाही, असेही नव्हे. जी माणसे मुळात फारच कमी पाणी पितात त्यांनी ते वाढविल्यास त्वचेची ओल थोडी वाढल्याचे काही छोट्या अभ्यासांत दिसले आहे. जी पुरेसे पितात त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. शरीरातील पाणी धोकादायकरीत्या कमी झाले तर मात्र त्वचा ते स्पष्ट सांगते. जुलाब-उलट्या झालेल्या बालकाच्या पोटावरील कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती सावकाश, सुरकुतीसारखी राहत खाली बसली, तर त्या बालकाला तातडीने पाणी, मीठ आणि साखर हवी असते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण प्रत्येक घरात पाठ असावे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या द्रावणाने असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचविले. त्वचेची चिमूट हा सौंदर्याचा प्रश्न नाही, तो जीवाचा प्रश्न आहे.

‘रोज आठ ग्लास’ हा आकडा कोठून आला, हेही सांगण्यासारखे आहे. १९४५ साली अमेरिकेतील आहारविषयक मंडळाने प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागते असे नमूद केले आणि त्यातील बहुतांश अन्नातूनच मिळते, असेही लगेच पुढे लिहिले. लोकांनी पहिले वाक्य लक्षात ठेवले, दुसरे सोडून दिले. आमटी, ताक, भाजी, भात, कलिंगड यांतले पाणीही पाणीच असते. उन्हात खेळणाऱ्या मुलाला जास्त लागते, वर्गात बसणाऱ्याला कमी. तहान आणि लघवीचा रंग हे दोन मोजमाप बहुतेक निरोगी माणसांना पुरतात. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे आहे.

मुरुमांबद्दल दोन शब्द. तारुण्यपीटिका संप्रेरकांमुळे आणि तेलग्रंथी तुंबल्याने येतात. पाणी प्याल्याने ‘रक्तातील घाण’ निघून मुरुमे जातात, ही समजूत निराधार आहे. रक्त शुद्ध ठेवण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे न सांगता करीत असतात. गालांवरचे पांढुरके चट्टेसुद्धा बहुधा कोरड्या त्वचेचे असतात आणि वयाबरोबर जातात. आणि पाणी प्याल्याने रंग उजळतो, ही तर जाहिरातदारांची भाषा. त्वचेचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याने ठरतो. तो धुवून काढण्याचा किंवा पिऊन घालविण्याचा डाग नव्हे. २०२० साली एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला आणि ‘ग्लो’ हा शब्द आला. डबीतील आश्वासन किती बदलले, हे आमच्या विद्यार्थिनींनीच ठरवावे.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. पिण्याचे पाणी त्वचा सुधारीत नसले, तरी ते त्वचा बिघडवू शकते काय? होय, आणि याचे सर्वांत भयंकर उदाहरण आपल्याच महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. त्याचे नाव नारू. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीला हा शब्द समजावून सांगावा लागत नसे. आजच्या मुलांना तो माहीत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. नारूचे जंत अतिसूक्ष्म रूपात पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या पिसवेएवढ्या जीवात राहतात. ते पाणी न गाळता प्याले की जंत पोटात जातो, शरीरात वाढतो आणि सुमारे वर्षभराने, हातभर लांबीची मादी बहुधा पायाच्या कातडीतून बाहेर पडू लागते. प्रथम फोड येतो, त्याची भयंकर आग होते. ती शमविण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवितो आणि त्या क्षणी मादी हजारो पिले पाण्यात सोडते. बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळून दररोज थोडे थोडे ओढावे लागे. तुटले तर पाय सुजे आणि माणूस पेरणीच्या ऐन हंगामात महिनोन्‌महिने अंथरुणावर पडे.

हे चक्र ज्या ठिकाणी फिरत असे ते ठिकाण म्हणजे पायऱ्यांची विहीर. बारवेच्या पायऱ्या उतरून माणसे गुडघाभर पाण्यात शिरत, तेथेच घागर भरत. नारूचा पाय आणि पिण्याची घागर एकाच पाण्यात. रशियन संशोधक फेडचेंको यांनी सायक्लॉप्सचा यातील सहभाग एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिला होता. तरी आपल्याकडे राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम १९८० नंतरच्या दशकात उभा राहिला. औषध नव्हते, लस नव्हती. उपाय होते ते असे : पायऱ्या बुजवून विहिरीवर रहाट बसवावा, हातपंप खोदावेत, पाण्यात सायक्लॉप्सनाशक टाकावे, आणि पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्यावे. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात भारतातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. देवीनंतर आपल्या देशाने मिळविलेल्या मोठ्या यशांपैकी हे एक आहे आणि ते मुख्यतः एका फडक्याच्या बळावर मिळाले.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. भिक्खूजवळ ज्या आठ वस्तू असाव्यात असे विनयाने सांगितले त्यांत चीवर, भिक्षापात्र, वस्तरा, सुई यांच्या जोडीला पाणी गाळण्याचे फडके आहे. पाली भाषेत त्यास ‘परिस्सावन’ म्हणतात. त्याचा हेतू पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा टाळणे हा होता; रोगजंतूंचे ज्ञान त्या काळी कोणालाच नव्हते आणि ते होते असा दावा करणे म्हणजे इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. तरीही जो भिक्खू गाळून पाणी पीत होता तो नारूपासून आपोआपच बचावत असणार.

पिण्याच्या पाण्याने त्वचेवर उमटणारा दुसरा रोग आर्सेनिकचा. १९८३ च्या सुमारास कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतील काही रुग्ण आले. त्यांच्या छाती-पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके होते आणि तळहात-तळपायांची कातडी कठीण, गाठाळ झाली होती. कारण त्यांच्या कूपनलिकेच्या पाण्यात सापडले. दिसायला ते पाणी स्वच्छ होते, चवीला चांगले होते. वर्षानुवर्षे ते पिणाऱ्यांना पुढे कर्करोगही होतो. महाराष्ट्राच्या गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागढ चौकी भागातील कौडीकसा गावीही असेच आर्सेनिक आढळले आहे. आपल्या पुणे परिसरातील काळ्या कातळात हा धोका बंगालसारखा नाही. परंतु डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि पाण्याची शुद्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कौडीकसाकडून शिकावे. पाण्यातील फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडतात. यवतमाळ, चंद्रपूरकडील वाचकांना ते सांगावयास नको.

पाण्यावर आरोप ठेवण्याची घाई करू नये, हे दाखविणारी घटना मात्र अगदी अलीकडची आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत स्त्री-पुरुष-मुलांचे केस एकाएकी गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडे. केस म्हणजे त्वचेचाच भाग. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांची पथके धावली. हा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा. पाणी मुळातच मचूळ, त्यात तपासणीत नायट्रेटचे प्रमाण जास्त निघाले. मग काय, पाणीच गुन्हेगार ठरले. काहींनी बुरशीचा संशय घेतला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञही आले. बाधितांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली. लोक लाजेने डोकी भादरून घेऊ लागले, मुले-मुली शाळा-महाविद्यालयात जाईनात, सोयरिकींची बोलणी थांबली.

अशा वेळी महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः तेथे गेले. विंचूदंशावरील उपचारासाठी जगभर माहीत असलेले, पद्मश्रीने सन्मानित असे हे डॉक्टर. त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी, केस यांबरोबर त्यांच्या घरातील गहूही तपासून घेतला. शिधावाटप दुकानांतून आलेल्या त्या गव्हात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण स्थानिक गव्हाच्या कित्येक पट आढळले आणि रुग्णांच्या रक्तातही ते तसेच वाढलेले होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील महिन्यांत त्याच गावांतील लोकांची नखे ठिसूळ होऊन गळू लागली. तेही सेलेनियमच्या अतिरेकाचे ओळखीचे लक्षण आहे. ज्या पाण्याला सर्वांनी दोषी ठरविले त्याची बाजू एका डॉक्टरने पिठाच्या डब्यात हात घालून मांडली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातील पद्धत मोलाची वाटते : सर्वांना पटलेले कारण बाजूला ठेवून प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी करणे. गरिबांच्या ताटात काय वाढले जाते, हा प्रश्नही त्यातून उभा राहिला. त्याचे उत्तर अजून पूर्णपणे दिले गेलेले नाही.

महाडचे नाव निघाले, तेव्हा चवदार तळ्याकडे वळणे ओघाने आलेच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव म्हणून काही ठिकाणी चुकीचे छापले जाते, ते सी. के. नव्हेत, एस. के. बोले, म्हणजे सीताराम केशव बोले. त्यांचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात तेथे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, आणि त्यानंतर तळ्यात शेण-गोमूत्र-दूध-दही कालवलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. आरोग्याच्या दृष्टीने पाहता तळे त्या दिवशी खऱ्या अर्थाने अशुद्ध झाले. न्यायालयीन लढा १७ मार्च १९३७ च्या उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. त्या पाण्यात काही विशेष गुण होता म्हणून सत्याग्रह झाला नव्हता, हे बाबासाहेबांनी १९२७ च्या डिसेंबरातील परिषदेत स्पष्ट केलेच होते.

महाड सर्वांना ठाऊक आहे. दौलताबाद तितके ठाऊक नाही. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास निघाले असता वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. प्रवासात सर्वांचे चेहरे आणि कपडे धुळीने माखले होते. किल्ल्याच्या दाराशी भरलेला तलाव होता. काहींनी त्या पाण्याने तोंड आणि पाय धुतले. एवढ्यावरून, तलाव बाटविला म्हणून जमाव अंगावर आला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः नोंदविला आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे कोणी पाणी प्याले नव्हते. प्रश्न अंगावरची धूळ धुण्याच्या पाण्याचा होता. आणि त्वचेच्या आरोग्याचा खरा प्रश्न तोच आहे.

१९७२ साली पूर्व आफ्रिकेतील पाण्याच्या वापराचा एक प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित झाला. त्यात डेव्हिड ब्रॅडली यांनी पाण्याशी निगडित रोगांची फोड केली. काही रोग दूषित पाणी पोटात गेल्याने होतात, जसे पटकी, विषमज्वर. काही रोग मात्र पाणी अपुरे मिळाल्याने होतात. अंग, हात, डोळे, कपडे धुवायला पाणी नसते म्हणून होतात. त्वचेवरचे गळू, पू भरलेले फोड, डोळ्यांचे खुपरे हे या दुसऱ्या वर्गातले. पाणी किती शुद्ध, याइतकेच किंबहुना अधिक महत्त्व येथे पाणी किती, याला आहे. आम्हाला हे वाचताना नेहमी वाटते की, ज्यांना शतकानुशतके घागरभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या ओंजळीची वाट पाहावी लागली त्यांना ‘अस्वच्छ’ ठरविणे हा कांगावा होता. आधी पाणी तोडायचे, मग अंगावरच्या मळाकडे बोट दाखवायचे.

हाच हिशेब आज दिघीला लावून पाहू. दिघी १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. पवना धरणातून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलून निगडीच्या सेक्टर २३ मधील केंद्रात शुद्ध केले जाते. अलीकडे आंद्रा धरणाचे पाणी इंद्रायणीवर निघोजे येथे उचलून चिखलीच्या केंद्रात आणले जाते. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणीपुरवठा आहे. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे हा आपल्याकडील नियोजनाचा मापदंड. दीडशे मुलांचे वसतिगृह धरले तर दिवसाला २०,२५० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. दिवसाआड पुरवठ्यात दोन दिवसांचे पाणी साठवावे लागते. नळ, कूपनलिका आणि टँकर असे तिन्ही मार्ग आमच्यासारख्या संस्थांना सांभाळावे लागतात. या परिसरातील चाळी आणि सोसायट्यांतील पालकांनाही ते अनुभवाचे आहे.

कूपनलिकेच्या पाण्याबद्दल पालक विशेष विचारतात. दख्खनच्या खडकातून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. त्यालाच आपण जड पाणी म्हणतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. असे पाणी प्याल्याने त्वचेला अपाय होत नाही. अंघोळीत मात्र साबण त्यात नीट फेसाळत नाही, त्याचा चिकट थर अंगावर राहतो आणि ज्यांची कातडी मुळात नाजूक आहे त्यांना खाज सुटते. म्हणून पाणी मऊ करणारे महागडे यंत्र बसवावे काय? इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांच्या घरी असे यंत्र देऊन पाहिले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांच्या इसबाला त्याचा अधिक लाभ दिसला नाही. त्यापेक्षा साबण कमी लावावा, तो भरपूर पाण्याने धुवावा, पाणी कोमट असावे, आणि अंग पुसल्यावर ते किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेल चोळावे. आधी सांगितलेला गिलावा असा भरून निघतो. क्लोरीनच्या वासाचीही भीती नको; तो वास म्हणजे जंतू मारणारे औषध नळापर्यंत शिल्लक असल्याची खूण आहे.

दारोदार फिरणारे काही यंत्रविक्रेते पाण्यात दोन कांड्या बुडवून विजेचा प्रवाह सोडतात, पाणी तपकिरी होते, आणि ‘हे तुमची मुले पितात’ असे सांगतात. तो रंग कांडीतील लोखंडाचा असतो. आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांनाही हा प्रयोग समजतो. त्यांना जरूर विचारावे.

इंद्रायणीबद्दल लिहिणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे. आळंदीला नदीवर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना आपण सर्वांनी पाहिले आहेत. प्रक्रिया न केलेले मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी त्यात मिसळते. पालखी दिघीवरून पुढे जाते तेव्हा वारकऱ्यांच्या पायांवरचे फोड आणि चिखल्या आम्ही दरवर्षी पाहतो. त्या पायांना स्वच्छ पाण्याचा तांब्या देणे हे काम कोणत्याही पंथाच्या माणसाला करता येते. आमच्या विद्यार्थ्यांना सुट्टीत त्या पात्रात पोहण्यास मात्र मनाई आहे.

अनेक पालक भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत आहेत. यंत्रावरचे कूलंट, कटिंग ऑइल, ग्रीस यांनी हातांना पुरळ येते. ते काढण्यासाठी थिनर किंवा रॉकेलने हात धुणे ही सवय पुरळापेक्षा वाईट, कारण त्याने उरलासुरला गिलावाही विरघळतो. बांधकामावर काम करणाऱ्यांच्या हातांना सिमेंटमधील क्रोमियमची ॲलर्जी होते आणि बोटे फाटतात. हे त्रास पाणी पिऊन बरे होणारे नाहीत. हातमोजे, साधा साबण आणि काम संपल्यावर तेल हेच उपाय, आणि हातमोजे देणे ही मालकाची जबाबदारी आहे.

पाणी पिण्याविषयी आमचा आग्रह कोठे असेल, तर तो मुलींच्या आणि कामकरी स्त्रियांच्या बाबतीत आहे, आणि त्याचे कारण त्वचा नव्हे. कामाच्या जागी, बसस्थानकावर, कित्येक शाळांत वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसते, म्हणून त्या जाणूनबुजून तहानलेल्या राहतात. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग, डोकेदुखी, उन्हाळ्यात भोवळ. मुलीला ‘पाणी पी’ असे सांगण्यापूर्वी तिच्या वर्गापासून स्वच्छतागृह किती पावलांवर आहे, त्याला कडी आहे काय आणि आत पाणी आहे काय, हे पाहावे.

राहिला वसतिगृहांचा जुना पाहुणा, खरूज. विनयपिटकाच्या महावग्गात आयुष्मान बेलट्ठसीस यांची हकीकत आहे. ते आनंदांचे उपाध्याय. त्यांना त्वचारोग झाला होता, जखमांतील स्रावाने चीवर अंगाला चिकटत असे आणि सोबतचे भिक्खू ते पाण्याने भिजवून हळूहळू सोडवीत. ते पाहून तथागतांनी अशा रोग्यांसाठी औषधी चूर्णाची आणि खाज येणारे अंग झाकण्याच्या वेगळ्या वस्त्राची अनुज्ञा दिली. रोग्याला संघाबाहेर काढले नाही. नियम रोग्यासाठी बदलला. आमच्या वसतिगृहात खरूज झालेल्या मुलाला कोणी नावे ठेवू नयेत, हा आग्रह आम्ही येथूनच घेतला आहे.

खरूज अस्वच्छतेने होत नाही. डोळ्यांना जेमतेम दिसणारा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो; तो एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो तो बराच वेळ चिकटून झोपल्याने, एकाच पांघरुणात राहिल्याने. रोज अंघोळ करणाऱ्यालाही तो होतो. पहिल्या वेळी लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर किडा पुढच्या खाटेवर पोहोचलेला असतो. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुरळ आणि रात्री वाढणारी खाज दिसली की डॉक्टरांकडे न्यावे. औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेल्या स्टिरॉइडमिश्रित मलमांनी खरूज दडते आणि नायटा तर चिघळतो. गेल्या काही वर्षांत देशभर नायट्याने जे हट्टी रूप धारण केले आहे त्यात या मलमांचा मोठा हात आहे.

डॉक्टर बहुधा परमेथ्रिनचे मलम देतात. ते रात्री मानेपासून तळपायापर्यंत, नखांच्या खाली आणि बोटांच्या बेचक्यांतसुद्धा लावून सकाळी धुवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. मागील तीन दिवसांत वापरलेले कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला ठेवावे. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, औषध एकाच रात्री लावायचे असते. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला लावले आणि त्याच्याजवळ झोपणाऱ्या धाकट्या भावाला वगळले, तर दुसऱ्या सत्राच्या पहिल्या महिन्यातच खरूज पुन्हा वसतिगृहात आलेली असते.